पूर्वायुष्य लपवू पाहणाऱ्या मातांस काही सूचना

हिंदी थरारपटात आई होण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर सर्वप्रथम एक पूर्वायुष्य मिळवावे आणि ते लपवावे. पूर्वायुष्य नसलेल्या आईला या चित्रपटांत डबा भरून देण्यापलीकडे काम नसते. लपवायचे कसे, याचा वस्तुपाठ सुजॉय घोष यांच्या ‘कहानी २: दुर्गा रानी सिंह’ या चित्रपटात आहे. २ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे नोटाबंदीला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, तो प्रदर्शित झाला. जवळचे पैसे कुठे दडवावेत या विवंचनेत असलेल्या प्रेक्षकांपुढे विद्या बालन आपली ओळख दडवत होत्या, हा योगायोग निर्मात्यांना परवडला असेल की नाही कोण जाणे.

लपण्यासाठी गाव निवडताना घाई करू नये. कालिम्पाँगच्या डोंगरांत जे घडले ते मागे टाकून नायिका चंदननगरला येते. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी वसलेले हे गाव १९५० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि आज जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी ओळखले जाते. दिव्यांच्या झगमगाटासाठी नावाजलेल्या गावी अज्ञातवासात जाण्याची कल्पना फक्त पटकथाकारालाच सुचू शकते. आपण मात्र ती निमूटपणे मान्य करावी. नावही असेच घ्यावे. अपहरण आणि खुनाच्या आरोपाखाली पोलीस जिच्या मागावर आहेत ती दुर्गा रानी सिंह येथे ‘विद्या सिन्हा’ होते. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ पाहिलेल्या कोणाही मध्यमवयीन माणसाला हे नाव ऐकताच बसथांब्यावरची ती नायिका आठवावी. पण चित्रपटातल्या पोलिसांना चित्रपट पाहायला सवड नसते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. रोजनिशी लिहावी. फरारी असताना तर अवश्य लिहावी. ज्या गोष्टी कोणालाही कळता कामा नयेत त्या सगळ्या, माणसांची नावे, गावे, भीती, प्रेम, अपराध, सुवाच्य अक्षरांत आणि घटनाक्रम न चुकवता लिहून ठेवाव्यात, आणि ती वही हातात पडेल अशा बेताने घरातच ठेवावी. तिची लेक मिनी हिला पळवले जाते, तिला शोधायला धावत सुटलेली आई अपघातात सापडून बेशुद्ध होते, आणि दरम्यान इन्स्पेक्टर इंद्रजित सिंह (अर्जुन रामपाल) तिच्या घरी ती वही वाचत बसतो. रोजनिशी नसती तर मध्यंतराआधीचा निम्मा चित्रपट रुग्णालयातल्या खाटेवर निपचित पडून राहिला असता, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखनाच्या सवयीचे महत्त्व पटेल. तपासासाठी येणारा अधिकारी शक्यतो आपला पूर्वीचा नवरा असावा. बंगालची लोकसंख्या नऊ कोटींच्या घरात असली तरी त्याची व्यवस्था होते.

आता भूतकाळ कोणता असावा, याविषयी. तो कितीही काळा असला तरी चालेल. अट एवढीच की शेवटच्या रिळापर्यंत तो पांढरा निघाला पाहिजे. शाळेत नोकरी करणाऱ्या दुर्गाचे लक्ष सतत शिक्षा भोगणाऱ्या, वर्गात पेंगणाऱ्या एका लहान मुलीकडे, म्हणजे याच मिनीकडे, जाते. ती रात्री का झोपू शकत नाही, हे हळूहळू उलगडते. गुन्हेगार घरातलाच, मुलीचा काका आहे. हा भाग चित्रपटात खरोखरच ताकदीने आला आहे आणि त्याची थट्टा करण्याचे धाडस मी करणार नाही. थट्टा आहे ती त्यानंतरच्या हिशेबाची. दुर्गाने खून केला असेल तर तो मुलीसाठी, पळवले असेल तर मुलीसाठी. स्वतःसाठी तिने आयुष्यात काहीही केलेले नसावे. कालिम्पाँगमध्ये अरुणशी जुळू पाहणारे प्रेमही तिला झेपत नाही, कारण लहानपणी तिच्यावरही तोच प्रसंग गुदरला आहे. २०१२ च्या पहिल्या ‘कहानी’त नायिकेचे गरोदर पोट खोटे होते, दुसऱ्या चित्रपटात मूल दुसऱ्याचे आहे. मातृत्व संपूर्ण, पण त्याचे मूळ मात्र संशयातीत, ही सोय आपणही करून घ्यावी.

ही रीत जुनीच आहे. ‘आराधना’मधली (१९६९) वंदना पावसाच्या त्या प्रसिद्ध रात्रीपूर्वी देवळात जाऊन लग्न उरकते, आणि पुढे मुलाच्या हातून झालेला खून अंगावर घेऊन तुरुंगात जाते. तेव्हा कंटाळा आला म्हणून संसार सोडला, कर्ज बुडवले, महत्त्वाकांक्षेपायी मूल आजीकडे ठेवले, असे सामान्य पूर्वायुष्य आपल्याजवळ असेल, तर कृपया दुसरा व्यवसाय पाहावा. खुनाला क्षमा आहे, याला नाही.

कायद्याच्या नादी चुकूनही लागू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पॉक्सो म्हणून ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा त्यात गुन्हा ठरतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, होता होईल तो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, असेही त्यात म्हटले आहे. कालिम्पाँगचा काळ त्याआधीचा आहे, म्हणून चित्रपटाला दोष देता येत नाही. मात्र नंतरच्या काळात घडणारी कथा आपल्या वाट्याला आली, तरी साध्या कपड्यांतली एक फौजदारबाई सतरंजीवर बसून मुलीच्या कलाने घेत तासभर जबाब लिहिते आहे, असे दृश्य ठेवू नये. त्यात पाठलाग नाही, पाऊस नाही, पार्श्वसंगीतालाही काही काम नाही.

राहता राहिला परदेशप्रवास. चाकाच्या खुर्चीतल्या मिनीला उपचारांसाठी अमेरिकेला न्यायचे आईच्या मनात असते. आपलाही असा बेत असल्यास पारपत्राचा अर्ज खुशाल खोट्या नावाने करावा. पत्त्याच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून माणूस येईल, त्याला चहा द्यावा, आणि तेवढ्यापुरती ती रोजनिशी उशीखाली सरकवावी.