बिबट्या दिसला नाही, तरी तिकीट वसूल झालं

प्राणीसंग्रहालयाच्या गेटवर बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी हमखास एक वाक्य असतं, "काय नाही ओ आत, वाघ झोपलेला, बिबट्या तर दिसलाच नाही." या वर्षी सांगलीहून कात्रज, भायखळा, म्हैसूर आणि बेळगावजवळचं भूतरामनहट्टी एवढं फिरणं झालं. दरवेळी हे वाक्य कानावर पडलं आणि दरवेळी ते मला जास्तच खटकलं. ज्या आवारात प्राण्याला आपल्या नजरेआड जाता येतं, ते संग्रहालय चांगलं, असं माझं ठाम मत झालंय.

वर्षातलं सगळ्यात सुंदर काय, तर म्हैसूरचे गोरिला. १८९२ सालचं जुनं संग्रहालय, झाडीच एवढी की ऊन लागत नाही. तिथं पोलो नावाचा नर गोरिला कित्येक वर्षं एकटाच होता, २०१४ मध्ये तो गेला. मग २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन नर आले. गोरिला कळपानं राहणारा प्राणी. या दोघांना एकमेकांची सोबत मिळाली, हीच माझ्या लेखी मोठी बातमी. थाबो बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बसला होता. लोक कंटाळून पुढं गेले, मी थांबलो. त्याला पाठ फिरवता येते, याचाच मला आनंद झाला.

कात्रजला गवा बघत बसलो. आपल्याकडं २०२१ च्या डिसेंबरात मार्केट यार्डात गवा शिरला होता, आठवतं ना? त्या बिचाऱ्याभोवती जमलेली गर्दी बघून मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. इथं कात्रजला तसाच एक गवा सावलीत निवांत रवंथ करत होता. भायखळ्याचे पेंग्विन छान आहेत, पोरं हरखून जातात. पण सगळी गर्दी तिथंच, आणि बाकीच्या प्राण्यांकडं कुणी ढुंकून बघत नाही.

आता दुःखाचं. जुलैत कात्रजची १६ चितळं लाळ्या-खुरकुतानं गेली. नोव्हेंबरात भूतरामनहट्टीचे ३१ काळवीट घटसर्पानं गेले. उन्हाळ्यात तो कळप मी डोळे भरून पाहिला होता, त्यामुळं बातमी वाचून दिवसभर काही सुचलं नाही. हे दोन्ही रोग आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गोठ्यात विचारा, माहीत आहेत. पावसाळ्याआधी जनावरांना लस टोचून घ्यायची, हे घरातल्या म्हातारीलाही सांगावं लागत नाही. पण हरणांचं तसं नाही. एकेकाला धरून सुई टोचायची म्हटलं, तर पकडण्याच्या धसक्यानंच ती दगावू शकतात. म्हणून बंदोबस्त कुंपणाबाहेर करावा लागतो. आसपासच्या गावांतल्या गाई-म्हशींचं लसीकरण, चारा कुठून येतो त्याची तपासणी, गोठ्यातून थेट कामावर येणाऱ्या माणसाच्या बुटांचं निर्जंतुकीकरण. यातलं काहीच तिकीट काढून बघता येत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारतही नाही. नवीन प्राणी कधी येणार, हे मात्र सगळे विचारतात.

आणखी एका ठिकाणी, नाव घेत नाही, बिबट्या जाळीलगत एकाच रेषेत फेऱ्या मारत होता. तेच वळण, तीच पावलं. लपायला झुडूप नाही, चढायला ओंडका नाही. लोक खूश होते, कारण तो "चालता" दिसत होता! शेजारी एक बाप पोराला उचलून जाळीवर थापा मारायला लावत होता. मी त्यांना हात जोडून थांबवलं. असं बोलायला संकोच करू नका, सुरक्षारक्षक सगळीकडं पुरा पडत नाही.

आपल्या सांगलीच्या प्रतापसिंह उद्यानातही एकेकाळी सिंह होते. तिथं पुन्हा प्राणी आणा, असं कुणी म्हणालं की मी विरोधच करतो. शहराच्या मधोमध तेवढ्याशा जागेत सिंह ठेवण्यापेक्षा पोरांना एसटीनं सागरेश्वर अभयारण्यात न्या. माणसांनी झाडं लावून उभं केलेलं रान आहे ते, तिथं सांबर दिसलं तर दिसलं.

पुढच्या वर्षी गुजरातमधल्या जुनागढचं सक्करबाग प्राणीसंग्रहालय करायचंय. १८६३ पासूनचं आहे आणि गीरच्या सिंहांच्या पैदाशीचं मोठं काम तिथं झालंय. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, सिंहांची आवारं कशी आहेत? सावली आणि आडोसा पुरेसा आहे का?