‘जुने कागद रद्दी’ म्हणणाऱ्यांनी आधी नमुना 1-क उघडावा

“महार वतन 1958 लाच रद्द झालं. पूर्वजांनी जमिनी राजीखुशीने विकल्या. सातबाऱ्यावर नाव त्याची जमीन. जुने कागद रद्दी.” असा मेसेज घरच्याच ग्रुपात पडला, आणि पाठवणारा वतनदाराचा नातू!

वतन, म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळालेला हक्क आणि जमीन, रद्द झालं, खरंय. पण मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियमाचं कलम 5 कुणी वाचायचं? आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, तिप्पट रक्कम मुदतीत भरली की जमीन वतनदारालाच फेरप्रदान, म्हणजे परत बहाल, आणि पुढे कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. ‘राजीखुशी’चा मुद्दा इथेच लंगडा पडतो. परवानगी घेऊन रीतसर विकलेल्या जमिनी आहेत, त्या सोडून द्या. विनापरवाना सौदेखतांचं काय?

आता ‘रद्दी’. हे सगळ्यात घातक, कारण हे वाचून लोक नक्कल काढायलाच जात नाहीत. सातबारा म्हणजे काही मालकीची सनद नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 157 सांगतं, नोंद खरी मानायची ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. आणि विरुद्ध सिद्ध करायचं कशाने? जुन्याच कागदांनी.

हे कागद शोधायला आजच्या गट नंबरवरून सुरुवात करा. गटवारीत, म्हणजे जमिनींच्या एकत्रीकरणात, नंबर बदललेत, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गटस्कीमचा उतारा घेऊन जुना सर्व्हे नंबर काढा. मग हस्तलिखित सातबारे घ्या, संगणकीय पुरत नाहीत. त्यावरचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) क्रमांकाने उलटे मागे नेत वतन खालसा, म्हणजे सरकारजमा, झाल्याच्या नोंदीपर्यंत जा. तिथे ‘नवीन शर्त’, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर नाही, असं लिहिलेलं असतं. सातबारा नव्याने लिहिताना ‘इतर हक्क’ रकान्यातला हा शेरा बऱ्याचदा गळतो, आणि वर्ग 2 ची (बंधन असलेली) जमीन गुपचूप वर्ग 1 (बंधनमुक्त) होते. म्हणून गाव नमुना 1-क शी, म्हणजे वर्ग 2 जमिनींच्या नोंदवहीशी, ताडून बघा.

वारस जुळवताना माणसं अडकतात. जुन्या नोंदीत नाव, बापाचं नाव आणि पुढे जात, आडनाव नाहीच. आजच्या आधारकार्डावर तिसरंच आडनाव. तो सांधा कोतवाल बुकात, म्हणजे जुन्या गाव नमुना 14 च्या जन्ममृत्यूच्या नोंदीत मिळतो. फार मागची पानं मोडी लिपीत असतात, मोडी वाचणारा गाठावा लागतो.

“आता उशीर झाला” असंही लोक म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. जुन्या नोंदींच्या फेरतपासणीचा महसूल अधिकाऱ्यांचा अधिकार वाजवी मुदतीतच वापरावा असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगतं. शिवाय शर्तभंग (विनापरवाना विक्री) ठरला तरी जमीन आपोआप वारसाच्या नावावर चढत नाही, फेरप्रदानाचा वेगळा अर्ज लागतो. म्हणून तर आज नक्कल मागायची. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तलाठ्याकडे फेरफार नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. “जीर्ण झालंय” असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा.