एका पिक्चरला एकच व्हिलन पुरे!

पुढचा भाग आला की खलनायकांची जत्रा का भरवतात, देव जाणे. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये एकटा डॉक्टर ऑक्टोपस होता. कण्याला चिकटलेले चार यांत्रिक हात, बायको गेल्याचं दुःख, आणि शेवटी आपलंच यंत्र नदीत बुडवणं. अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि २००७ च्या तिसऱ्या भागात? सँडमॅन, व्हेनम, वर सूडाने पेटलेला स्पायडर-मॅनचा मित्र हॅरी! त्यातला सँडमॅन किती सुंदर सुचला होता. वाळूच्या ढिगातून तो कसाबसा उभा राहतो, मुलीचा फोटो असलेलं लॉकेट उचलायला जातो आणि हातच भुसभुशीत होऊन गळून पडतो. एक शब्द नाही, तरी पोटात कालवतं. अरे, त्या बापाची गोष्ट सांगा ना पुरती! पण नाही, इतरांना जागा द्यायची म्हणून त्याला मधेच बाजूला सारला. आणि व्हेनमच्या वाट्याला तरी काय, शेवटची थोडीशी मिनिटं.

बरं, यातून काही शिकावं? २०१४ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ आला, पुन्हा तेच. इलेक्ट्रो, ग्रीन गॉब्लिन, आणि ऱ्हायनो पार शेवटाला. ऱ्हायनोसाठी पॉल जिआमाटीसारखा तगडा नट घ्यायचा आणि त्याला कामच द्यायचं नाही, संताप होतो नुसता!