घरबसल्या दुष्काळ कसा पाहावा

जून लागला की इंदूरच्या मराठी माणसानं दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात: भज्यांचं बेसन आणि हवामान खात्याचा पावसाच्या तुटीचा नकाशा. बेसन चाळून घ्यावं. नकाशा चाळू नये, खडे फार निघतात.

आधी रंग पाठ करा. हिरवा म्हणजे सामान्य, आणि सरासरीच्या उणे 19 ते अधिक 19 टक्क्यांत जे बसेल ते सगळं सामान्य. उणे 20 झालं की लाल. उणे 60 झालं की पिवळा. हो, लालपेक्षा पिवळा वाईट. इथे सिग्नलची सवय कामाची नाही. उणे 19ला सोयाबीन टवटवीत असतं आणि उणे 20ला माना टाकतं, एवढं मनाशी धरलंत की झालं.

'दुष्काळ' हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. 2016 पासून हवामान खात्यानंही तो सोडलाय. आता असतं ते 'तुटीचं वर्ष'. किती सोज्वळ! महिनाअखेर वाण्याला "यंदा तुटीचा महिना आहे" म्हणून बघा, काय ऐकवतो ते.

मोजायची हौस असेल तर गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा आणि सकाळी साडेआठला बघा. खातंही तेव्हाच बघतं. 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तो पावसाचा दिवसच नव्हे, मग वाळत घातलेल्या पापडांचं काहीही होवो.

नकाशा फारच लाल झाला तर बेडकांचं लग्न लावा. भोपाळमध्ये 2019 साली लावलं होतं. पुढे पाऊस आवरेना म्हणून सप्टेंबरात त्यांचा काडीमोड करावा लागला. तेव्हा अंदाजपत्रकात दोन्ही खर्च धरा.

आणि सरासरीवर श्रद्धा ठेवा. 2023चा ऑगस्ट आठवतोय? 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. ऐन फुलोऱ्यात सोयाबीन तहानलं. मग सप्टेंबरच्या मध्याला इंदुरात असा कोसळला की रस्त्यांचे नाले झाले, आणि हंगाम संपता संपता राज्याचा आकडा सामान्यात येऊन बसला. शेंगेला हा हिशेब कळत नाही, तिला पाणी तारखेवारी लागतं. अडाणी आहे, दुसरं काय.

सांवेरकडून आपली जमीन वाट्यानं कसणाऱ्या बटाईदाराचा फोन येईल, "भैया, फली में दाना नहीं भरा." घाबरू नका. नकाशा उघडा, जिल्हा हिरवा असल्याची खात्री करा आणि त्याला तसं कळवा. तो थोडा वेळ गप्प राहील. तेवढ्यात आपल्याकडे नळाला पाणी आलेलं असतं, एक दिवसाआडचं, 1978 पासून जलूदहून घाट चढून येणारं नर्मदेचं. "ठेवतो हं" म्हणा आणि उठा. टाकी भरून वाहायला लागली असेल.