मेणाच्या ब्लॉकवरचा टीबी पीसीआर: निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ नव्हे

मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘गाठीच्या बायोप्सीचा ब्लॉक लॅबमधून परत मागा, टीबीचा पीसीआर करा. निगेटिव्ह आला तर गोळ्या बंद, पॉझिटिव्ह आला तर शंभर टक्के टीबी.’ ब्लॉक म्हणजे फॉर्मलिन या द्रावणात मुरवून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, आणि पीसीआर म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट. या सल्ल्यामागचे तीन समज एकेक पाहू.

‘मेणात डीएनए जसाच्या तसा राहतो.’ टिकतो तो पेशींचा आकार. फॉर्मलिन डीएनएला प्रथिनांशी जखडतं. बफर (आम्लता रोखणारं मिश्रण) नसलेलं असेल तर ते आम्लधर्मी होत जातं आणि साखळी तुटते. छोट्या बायोप्सीला १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये एक दिवस पुरतो, पण शनिवारी काढलेली गाठ पुष्कळदा सोमवारपर्यंत बरणीतच असते. मग हाती लागतात ते बहुतेक दोन-तीनशे बेसपेअरहून (बेसपेअर म्हणजे डीएनएच्या साखळीची एक कडी) लहान तुकडे. ५०० बेसपेअरचा भाग शोधणारी टेस्ट इथे आपटते. आयएस६११० या टीबी जंतूच्या डीएनएतल्या खुणेचा १२३ बेसपेअरचा तुकडा सापडण्याची शक्यता जास्त. मात्र भारतातल्या काही टीबी जंतूंमध्ये आयएस६११० मुळात नसतोच.

‘निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. गाठीच्या टीबीत जंतू मोजकेच, तेही विखुरलेले. १० मायक्रॉनच्या चार-पाच कापांत एकही न येणं सहज शक्य आहे. आला तरी त्याची मेणचट भिंत फोडावी लागते. प्रोटिनेज के हे प्रथिनं विरघळवणारं एन्झाइम घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवलं की माणसाच्या पेशी विरघळतात, या जंतूला बहुधा बारीक मणी घालून घुसळावं लागतं. नंतर ९० अंशांवर तासभर, जखडलेलं सुटावं म्हणून. मेण काढायला वापरलेलं झायलीन किंवा अल्कोहोल मागे राहिलं, तर एन्झाइम अडतं. म्हणून रिपोर्टमध्ये बीटा-ग्लोबिनसारख्या मानवी जीनचा कंट्रोल (टेस्ट नीट चालल्याची खूण) आहे का, ते विचारा. तो उमटला नसेल तर नमुना ‘निकामी’, निगेटिव्ह नाही. आणि उमटला तरी हुरळू नका: मानवी जीन प्रत्येक पेशीत असतो, जंतू नसतो.

‘पॉझिटिव्ह म्हणजे शंभर टक्के.’ मायक्रोटोमच्या, म्हणजे काप काढणाऱ्या यंत्राच्या, पात्यावर आधीच्या ब्लॉकचा कण राहतो. काप तरंगवायच्या नळाच्या पाण्यात टीबीचे चुलतभाऊ मायकोबॅक्टेरिया असू शकतात. सर्वच जंतूंचा १६एस जीन पकडणारी टेस्ट त्यांनाही पकडते. म्हणून लॅबने दर ब्लॉकला नवं पातं घ्यायचं, पहिले काप फेकायचे, पुढचे पाण्यात न टाकता थेट ट्यूबमध्ये, आणि सोबत कोऱ्या मेणाचा ब्लॉक तसाच कापून तपासायचा. शिवाय मेलेल्या जंतूचाही डीएनए उमटतो, त्यामुळे जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीतही पॉझिटिव्ह येऊ शकतं.

बायोप्सीआधीच सर्जनला सांगा: अर्धा तुकडा फॉर्मलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये, त्याच दिवशी कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जीनएक्स्पर्टला (टीबीचा डीएनए ओळखणारं मशीन). फॉर्मलिनने जंतू मरतात, कल्चर होत नाही. मग कोणतं औषध चालेल हेही कळत नाही, आणि औषधांना न जुमानणारा टीबी मुंबईत नवा नाही. ब्लॉकच उरला असेल, तर पीसीआरसोबत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके) आणि झील-नील्सन स्टेनचा (जंतू रंगवून दाखवणारी तपासणी) रिपोर्टही डॉक्टरांपुढे ठेवा. तोवर गोळ्या बंद करू नका.