'ओसेस्सिओने' वगळून नववास्तववाद शिकवू नका

आज सायंकाळी चित्रपट-रसास्वादाच्या एका वर्गात वक्त्यांनी ठामपणे सांगितले की, इटालियन नववास्तववाद, म्हणजे सामान्य माणसांचे जगणे खऱ्या जागी जाऊन दाखवणारा चित्रप्रवाह, १९४५ साली युद्धाच्या ढिगाऱ्यांतून जन्मला, अमेरिकी फिल्म न्वार, म्हणजे वासना आणि गुन्ह्याचे काळोखे चित्रपट, ही खुनाखुनीची करमणूक होती आणि या दोहोंचा एकमेकांशी काडीमात्र संबंध नाही. समोरची तरुण मुले ते निमूटपणे वहीत उतरवून घेत होती. मला आलेला संताप अजून उतरलेला नाही.

१९४३ साली, मुसोलिनी सत्तेवर असतानाच, इटालियन दिग्दर्शक लुकिनो विस्कोंतीचा 'ओसेस्सिओने' पडद्यावर आला होता. पो नदीकाठच्या एका खानावळीत एक भटक्या येतो, मालकाच्या बायकोच्या प्रेमात पडतो आणि दोघे मिळून मालकाचा काटा काढतात. हे कथानक जेम्स केन या अमेरिकी लेखकाच्या १९३४ सालच्या कादंबरीतले. तिचे फ्रेंच भाषांतर विस्कोंतीच्या हाती दिले ते फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वारने, ज्याच्या हाताखाली तो चित्रपटाचे काम शिकला होता. त्याआधी विस्कोंतीला इटालियन लेखक व्हेर्गाची दरोडेखोराची कथा करायची होती, पण सेन्सॉरने ती फेटाळली. 'ओसेस्सिओने'च्या पुढच्याच वर्षी हॉलिवूडचा दिग्दर्शक बिली वाइल्डरने याच केनच्या दुसऱ्या कथेवर 'डबल इन्डेम्निटी' केला, आणि १९४६ साली पॅरिसमध्ये ज्या चित्रपटांना समीक्षक नीनो फ्रांकने 'फिल्म न्वार' म्हटले त्यांत तोही होता. हा फ्रांकसुद्धा मूळचा दक्षिण इटलीतल्या बार्लेत्ताचा. इतके धागे हाताशी असताना 'संबंध नाही' असे म्हणवते तरी कसे?

माझ्या आत्याची खानावळ होती. फिल्म सोसायटीच्या 'ओसेस्सिओने'च्या खेळाला मी तिला आग्रहाने घेऊन गेले होते. मालकाची बायको जोव्हान्ना दिवसभराच्या धावपळीनंतर स्वयंपाकघरात येते, उष्ट्या ताटांच्या ढिगाशेजारी सूप घेऊन बसते, दोन-चार घास खाते आणि वर्तमानपत्र वाचता वाचता तिथेच पेंगते. त्या क्षणी आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, हिच्या हाताखाली एक बाई तरी ठेवायची होती." समोर एक खुनी स्त्री होती आणि आत्याला तिच्या कंबरेतली कळ दिसत होती.

माझे सगळे म्हणणे त्या एका वाक्यात आहे. वासना, कट, खून, संशय आणि अटळ शेवट ही सगळी चौकट न्वारची. विस्कोंतीने ती मोडली नाही, तिच्यात घाम, उन्हाने तापलेला रस्ता, आंकोनाची जत्रा आणि न घासलेली भांडी आणून ठेवली. वाइल्डरचा कॅमेरा लॉस एंजेलिसच्या घरात पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या शोधतो. विस्कोंतीचा कॅमेरा त्या बाईला सूप संपवायला वेळ देतो. गुन्ह्यामागची गरिबी आणि कंटाळा दोघांनाही दिसतो, फरक आहे तो किती वेळ थांबून पाहायचे याचा.

रोसेलिनीच्या 'रोम, ओपन सिटी'मुळेच जगाचे लक्ष इटलीकडे वळले, हे मला मान्य आहे. रन्वार आणि व्हेर्गा यांचे ऋण केनपेक्षा मोठे आहे असे कोणी म्हटले, तरी मी भांडणार नाही. १९५२ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला, त्यामुळे आपल्याकडे नववास्तववाद म्हणजे डी सिका हे समीकरण घट्ट बसले, तेही मी समजू शकते. पण गुन्हेगारी कथा हलकी आणि सायकल हरवलेल्या माणसाची कथा पवित्र, हा सोवळेपणा मला सहन होत नाही. माझ्या आत्याला तो शिवलाही नव्हता.

शिवाय या चित्रपटाने भोगले किती! फॅसिस्टांनी मूळ निगेटिव्ह नष्ट केली. विस्कोंतीने एक प्रत लपवून ठेवली म्हणून तो वाचला. कादंबरीचे हक्क न घेतल्यामुळे अमेरिकेत तो १९७६ पर्यंत प्रदर्शितच होऊ शकला नाही. ज्या देशात न्वार बहरला तिथल्या प्रेक्षकांना त्याचा हा इटालियन भाऊ इतकी वर्षे भेटला नाही. न्वार आणि नववास्तववाद वेगळे वाटण्याचे हेही एक कारण असावे. 'ओसेस्सिओने'च्या नायकाला, मास्सिमो जिरोत्तीला, घेऊन इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीने १९५० साली पुन्हा गुप्तहेर, प्रेमी आणि नकोसा नवरा यांचीच गोष्ट सांगितली, हे त्या वर्गात कोणी उच्चारलेही नाही.

मित्रहो, तुमच्यापैकी जे अशा वर्गांचे आयोजन करतात त्यांनी पुढच्या सत्रात 'ओसेस्सिओने' आणि 'डबल इन्डेम्निटी' एकाच दिवशी, पाठोपाठ दाखवावेत, आणि त्यावरची चर्चा स्वयंपाकघरातल्या त्या दृश्यापासून सुरू करावी.