पेठेत नाव कशाला लागतंय?

कोल्हापूरच्या गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर, म्हशी येऊन उभ्या राहिल्या, धारा सुरू झाल्या, तरी विषय एका डॉक्टरच्या पोस्टवरनं हलेना. आपल्या पेशंटची सगळी कथा त्यानं नाव गाळून सोशल मीडियावर टाकली होती.

"नाव कुठं लिवलंय तेनं?" बंडानं सुरुवातीलाच आवाज चढवला. त्याला खालचा आवाज येतच नाही.

"वय ५२, चपलांचा कारागीर, पायाची ३ बोटं काढलेली, थोरली पोरगी पोलिसात," सुन्या म्हणाला. "आनी नाव कशाला लागतंय पेठेत? हितं चालण्यावरनं माणूस वळखत्यात."

आमच्यात बसलेला डॉक्टर वेगळा, आमचाच वर्गमित्र. तो म्हणाला, "डॉक्टरांच्या वागणुकीच्या २००२ च्या नियमात हेच हाय. नुसतं नाव गाळून भागत न्हाई, वळख पटायला नको. पटनार असंल तर पेशंटची परवानगी पायजे. सोशल मीडियाचे वेगळे नियम २०२३ ला काढले की, २ ऑगस्टला आले आणि २३ ऑगस्टला थांबवले."

"काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनवानी रखडलं म्हन," सुन्या म्हणाला.

"ती तरी आली शेवटी."

बंडा हटेना. "परवानगी घिटली असंल की! हो म्हनला असंल त्यो."

"हातात सुई धरून इचारल्यावर कोन न्हाई म्हनतंय?" सुन्या म्हणाला. "त्याला होकार म्हणत न्हाईत, बंडा."

यावर डॉक्टरही गप्प झाला.

सुन्याचं डायलिसिस चालू होऊन ४ वर्षं झाली. आठवड्याला ३ वेळा, ४-४ तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे, शीर आणि धमनी जोडलेली. एकदा त्यानं माझी बोटं त्यावर ठेवली होती. आत मांजर गुरगुरावी तसं काहीतरी चाललेलं. "हे थांबलं की लगेच दवाखाना," तो म्हणाला होता. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, डायलिसिसची सोडून दुसरी सुई नाही. उजवा हात मोकळा असतो, त्या हातानं तो पलंगावर पडल्या पडल्या मोबाइलवर लिहितो. तहान लागली की बर्फाचा खडा कसा चघळायचा, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी कसं ओतून द्यायचं, दोन डायलिसिसच्या मधे वजन वाढलं की ते बहुतेक प्यालेलं पाणीच कसं असतं. कट्ट्यावरही तो दुधाचा ग्लास हातात धरून बसतो, दोन घोट घेतो आणि उरलेला माझ्याकडं सरकवतो. दुधातला फॉस्फरस त्याला चालत नाही, पाणीही मोजूनच.

मी सुन्याच्या बाजूचा आहे, लपवून काय करू. आमच्या दादांचं डायलिसिस चालू असताना अंगात ताकद यावी म्हणून आम्ही त्यांना रोज एक शहाळं देत होतो. दवाखान्यातल्या कुणीही आम्हाला अडवलं नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, एका रात्री ते रक्तात इतकं चढलं की छातीचे ठोके चुकायला लागले. वाचले, पण ती धडकी अजून गेलेली नाही. त्या वेळी शहाळ्यावर सुन्यानं लिहिलेल्या ४ ओळी कुणी हातात दिल्या असत्या, तर ती रात्र आलीच नसती.

"खरं हाय," डॉक्टर म्हणाला. "भायेर ४० मानसं बसल्याली असत्यात, येवढं सांगाय येळ कुठला? पन माझं बी ऐका. पेशंट माझ्याबद्दल वाट्टेल ते लिहू शकतोय. मी उत्तर दिलं तर त्याचं दुखणं उघड्यावर येतंय. म्हणजे मला तोंडच न्हाई. आनी आमीच लिवायचं सोडलं तर मुतखड्याला बियर प्या म्हननारंच लिवत बसनार."

हे मलाही पटलं. डॉक्टरांनी लिहावं, जरूर लिहावं. पण माणूस विचारून घ्यावा, आणि तो पलंगावरनं उठून घरी गेल्यावर विचारावा. त्याचं दुखणं ही त्याची मिळकत आहे.

"मिळकत म्हनं!" बंडा उसळला. "घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं आनी वर हे. पेनल्टी स्टेडियमच्या भायेर मारल्याला मानूस आता गावाला शहाणपण शिकवतोय!"

"त्यो बॉल वारं हुतं म्हनून गेला," सुन्या म्हणाला.

"वारं न्हाई, तू हुतास!"

"तुजं खरं दुखणं काय हाय बंडा, त्ये सांग की."

बंडा जरा वेळ म्हशीकडं बघत बसला. मग फुटला. "तू लिवलास, 'एक जाडा मित्र मिशीला पीळ देत दोन शहाळी घेऊन आला.' नाव न्हाई लिवलास, पन सगळी तालीम मला शहाळीवाला म्हणत्या! मला इचारला हुतास का?"

एक क्षण शांतता. मग डॉक्टर असा हसला की त्याच्या नाकातनं दूध आलं. सुन्याचा चेहरा पडला होता. "चुकलं, बंडा. इचारायला पायजे हुतं. मिशी काढतो."

"मिशी ऱ्हाऊ दे. जाडा तेवढं काढ."

तो तसाच उठला, सुन्याचा ग्लास माझ्या हातनं ओढून घेतला आणि धार काढत होते तिकडं निघाला. आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "अर्धाच, बंडा!"